यादीतील क्रमांक आणि रात्रीची झोप

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा बालकांचे लसीकरण किंवा शाळकरी मुलांचे वाढते वजन यांपैकी एखादा नेहमीचा विषय घ्यावा असे मनात होते. परंतु त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला आणि विषय बदलला. हा भाचा जन्माने आणि शिक्षणाने न्यू जर्सीचा. तिकडच्या एका मोठ्या विमान कंपनीत तो सहवैमानिक आहे. मोठ्या उत्साहाने म्हणाला, "मावशी, माझा नंबर एकदम वर सरकला!" मी विचारले, "म्हणजे पगार वाढला का रे?" तर म्हणे, "नाही गं. या सहामाहीत वरची बरीच माणसं रिटायर झाली."

दुसऱ्याचा पासष्टावा वाढदिवस स्वतःच्या वाढदिवसासारखा साजरा करणारा हा कोणता व्यवसाय, याचे मला कुतूहल वाटले. मग दोन-तीन रविवार त्याला फोनवर छळले, काही वाचले, आणि जे हाती आले त्याने मला माझ्याच वॉर्डातील ड्यूटीच्या तक्त्याकडे नव्याने पाहायला लावले. म्हणून हा लेख. विमानोड्डाणाच्या क्षेत्रात मी सर्वस्वी अनधिकारी आहे, हे आधीच मान्य करते.

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत सर्व वैमानिकांची एकच सेवाज्येष्ठता यादी असते. बड्या कंपन्यांत ती दहा हजारांहून लांब असते. ज्या दिवशी तुम्ही रुजू झालात, तो दिवस तुमचा क्रमांक ठरवतो. एकाच दिवशी एकाच तुकडीत चाळीस जण रुजू झाले तर? काही कंपन्यांत वयाने मोठा तो वर, काही ठिकाणी सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहतात. आमचा भाचा तुकडीत सर्वांत लहान, म्हणून तुकडीत शेवटचा. हुशारी, उड्डाणाचे तास, सैन्यातील सेवा, मुलाखतीतील गुण यांपैकी कशानेही हा क्रमांक बदलत नाही. वरचा निवृत्त झाला, नोकरी सोडून गेला, वैद्यकीय तपासणीत बाद झाला किंवा मरण पावला, तरच खालचा एक पायरी वर चढतो.

या क्रमांकावर काय अवलंबून असते? जवळजवळ सर्व काही. कंपनीत जागा निर्माण झाल्या की त्या जाहीर होतात. प्रत्येक जागा तीन गोष्टींची मिळून बनलेली असते: कोणत्या शहराचा तळ, कोणते विमान, आणि डावे आसन की उजवे, म्हणजे कॅप्टन की सहवैमानिक. प्रत्येक वैमानिकाने आपली पसंती क्रमाने नोंदवून ठेवलेली असते. याला तिकडे 'बिडिंग' म्हणतात, पण लिलावातील बोलीशी त्याचा काही संबंध नाही, कारण येथे पैशाने काहीच मिळत नाही. संगणक यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करतो, पहिल्याला हवे ते देतो, मग दुसऱ्याला, आणि असे करत खाली येतो. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःच्या किंवा मुलांच्या पदव्युत्तर प्रवेशाचे कौन्सेलिंग अनुभवले आहे, त्यांना हे नव्याने समजावून सांगायला नको. पहिल्या क्रमांकाने रेडिओलॉजी घेतली की तो बाजूला होतो, आणि तीन हजारावा क्रमांक जे उरले त्यातून निवडतो. फरक इतकाच की आपला क्रमांक परीक्षेने ठरतो, त्यांचा पंचांगाने.

तळ मिळाला म्हणजे संपले, असे नाही. दर महिन्याला पुन्हा पसंती नोंदवायची. कोणत्या दिवशी सुट्टी हवी, कोणती फेरी हवी, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी चालेल, हे सारे त्या तळावरील, त्या विमानावरील, त्या आसनावरील लोकांत पुन्हा ज्येष्ठतेनेच वाटले जाते. त्यामुळे खरा प्रश्न असा असतो, की तुमचा क्रमांक ज्या गटात पडतो त्या गटात तुम्ही कोठे आहात. एकच माणूस छोट्या विमानावर वरच्या चौथाईत असू शकतो आणि समुद्रापार जाणाऱ्या मोठ्या विमानावर अगदी तळाशी. मोठ्या विमानाला तासाचा मोबदला बहुधा जास्त असतो, म्हणजे पैसा एकीकडे आणि घरची दिवाळी दुसरीकडे. न्यूयॉर्कसारखा महागडा तळ अनेक कंपन्यांत नवख्यांच्या वाट्याला येतो, कारण अनुभवी लोक तेथे राहायला उत्सुक नसतात. यूपीएस या मालवाहू कंपनीने सर्व विमानांना एकच दर ठेवून ही ओढाताण बरीच कमी केली आहे. इतरांनी तसे का केले नाही, हे मला तरी कळले नाही.

एखादा तळ बंद पडला किंवा विमानांचा एखादा ताफा निकाली निघाला, की मोठी गंमत होते. गंमत अर्थातच पाहणाऱ्याला. विस्थापित झालेला वरिष्ठ आपल्या क्रमांकाच्या जोरावर दुसऱ्या तळावरील कनिष्ठाला उठवतो, तो त्याच्याहून कनिष्ठाला, आणि शेवटी कुठल्यातरी गावातला कोणी नवखा आपले सामान बांधतो. शिवाय विमान बदलले की नव्याने प्रशिक्षण आले आणि सिम्युलेटरचे तास आले. एका निवृत्तीपायी चार-पाच जणांना पुन्हा शाळेत बसवावे लागते. म्हणून कंपन्या एकदा प्रशिक्षण घेतलेल्याला ठरावीक काळ त्याच जागी अडकवून ठेवतात.

हे ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया आपल्यापैकी अनेकांची होईल तीच झाली. ही तर सरकारी कचेरी झाली! यात गुणवत्तेला स्थान कोठे? नुसते टिकून राहिले की पुरे? यावर भाच्याने उलट विचारले, "गुणवत्ता ठरवणार कोण, मावशी?" या प्रश्नापाशी मी थबकले, आणि इतिहासात थोडे मागे जावे लागले.

१९१९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या टपाल खात्यासाठी विमाने चालवणाऱ्या दोन वैमानिकांनी दाट धुक्यात उड्डाण करण्यास नकार दिला. खात्याने त्यांना काढून टाकले. बाकीच्या वैमानिकांनी संप केला, आणि हवामानाबाबत वैमानिकाचे ऐकले जावे यासाठी खात्याला तडजोड करावी लागली. तेव्हाची विमाने उघडी, उपकरणे जुजबी, आणि अपघाती मृत्यू हा नित्याचा भाग. अशा काळात जो "नाही" म्हणतो तो कामचुकार, आणि जो उडतो तो गुणवान, असा साहेबाचा हिशेब असायचा. पुढे १९३१ मध्ये डेव्हिड बेन्की यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाच्या त्र्याऐंशी क्रमांकाच्या निर्णयाने वेतनाला विमानाचा वेग, उड्डाणाचे तास आणि मैल यांचे सूत्र बांधून दिले. १९३६ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा विमान कंपन्यांना लागू झाला, आणि मग सामूहिक करारांतून ज्येष्ठतेची यादी पक्की होत गेली. तिचा अर्थ मला असा दिसतो: ज्याने परवा उड्डाण नाकारले त्याला पुढच्या महिन्यात वाईट तळावर पाठवण्याचा अधिकार साहेबाच्या हातून काढून घ्यायचा. यादीला राग येत नाही आणि यादीला भाचा-पुतण्याही नसतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही ज्येष्ठता निवड करण्याचा हक्क देते, विमान हाकण्याचा अधिकार देत नाही. क्रमांक आला म्हणून कोणी आपोआप कॅप्टन होत नाही. प्रशिक्षण आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नापास झाल्यास मागे यावे लागते. त्यानंतरही ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमध्ये तपासणी सुटत नाही, आणि चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. (मी एम.डी. होऊन तीन दशके होत आली. या काळात बालरोगशास्त्रात माझी परीक्षा कोणीही घेतलेली नाही.) उलट, वरच्या क्रमांकाचे कित्येक जण आपण होऊन कॅप्टनपद नाकारतात. २०२३ मध्ये युनायटेडसारख्या कंपनीत कॅप्टनच्या कितीतरी जागा पसंतीअभावी रिकाम्या राहिल्या, कारण नवा कॅप्टन गटात तळाशी जातो, आणि मग सणासुदीला फोन वाजण्याची वाट पाहत बसावे लागते. त्यापेक्षा उजव्या आसनावर राहून मुलांचे सामने पाहिलेले बरे, असे त्यांना वाटते. परिणामी कॉकपिटमध्ये कधी कधी वीस वर्षांचा सहवैमानिक आठ वर्षांच्या कॅप्टनच्या हुकुमात बसलेला असतो, आणि त्यात कोणाचा अपमान झाला असे कोणी मानत नाही. आपल्याकडे खुर्ची, वय, ज्ञान आणि सुट्टी या चारही गोष्टी एकाच माणसाच्या पदरात पडल्याशिवाय आपण त्याला 'सर' म्हणत नाही.

या पद्धतीची किंमतही कमी नाही. क्रमांक कंपनीच्या दाराबाहेर चालत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर नवशिक्याच्या पगारावर यादीच्या शेवटी उभा राहतो. म्हणून माणसे बुडत्या जहाजालाही चिकटून राहतात. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट झाले, तेव्हा यादीच्या खालच्या भागात पाच वर्षे जवळजवळ हालचाल थांबली. ज्येष्ठांना दिलासा, कनिष्ठांना शिक्षा, आणि दोघेही एकाच संघटनेचे सभासद. दोन कंपन्यांचे विलीनीकरण म्हणजे तर दोन एकत्र कुटुंबांच्या वाटणीचाच मामला. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा त्या जुन्या कंपनीच्या अनेक वैमानिकांना यादीच्या शेपटाला जोडले गेले, आणि सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कपात आली तेव्हा ते आधी गेले. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पहिली जुनी, दुसरी १९८३ पासून उडणारी. जुन्यांचे म्हणणे, रुजू झाल्याची तारीख धरा. नव्यांचे म्हणणे, मग आम्ही सगळेच तळाशी. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये निर्णय दिला. त्यात तात्पुरते कमी केलेले जुन्या कंपनीचे वैमानिक, सेवा कितीही असली तरी, खाली गेले. जुन्यांनी चक्क संघटनाच बदलली, खटले झाले, आणि एका कंपनीत दोन याद्या वर्षानुवर्षे नांदल्या. त्या यादीचा अखेरचा निकाल लागायला, पुढे अमेरिकन एअरलाइन्समध्ये तीही कंपनी विलीन झाल्यावर, २०१६ साल उजाडले.

आपल्या देशालाही याची झळ लागली आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या. नवे ड्रीमलायनर विमान चालवण्याचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी जो संप केला, तो अठ्ठावन्न दिवस चालला. त्या उन्हाळ्यात मुंबईहून परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्यापैकी काहींना तो आठवत असेल.

हे सारे एकवेळ सोसता येईल. माझी खरी अडचण यादीच्या शेवटच्या टोकाशी आहे.

यादीच्या तळाशी असलेल्या वैमानिकाला ठरलेले वेळापत्रकच नसते. तो 'रिझर्व्ह'वर असतो, म्हणजे आपल्या भाषेत ऑन कॉल. फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर. तळ शिकागोचा आणि घर न्यू जर्सीचे, म्हणून आमच्या भाच्याने विमानतळाजवळच्या एका फ्लॅटमध्ये एक पलंग भाड्याने घेतला आहे. एका खोलीत सहा पलंग, कोणी झोपायला येतो, कोणी उठून जातो. घरून तळावर यायचे ते रिकाम्या जागेवर दुसऱ्या विमानात बसून, आणि तो प्रवास कामात धरला जात नाही. असे ये-जा करणारे अमेरिकेत असंख्य आहेत.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान नेवार्कहून निघून बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातील एकोणपन्नास आणि त्या घरातील एक, असे पन्नास जीव गेले. चौकशीत उघड झाले, की चोवीस वर्षांची सहवैमानिक आदल्या संध्याकाळी सिएटलहून निघून, मेम्फिसला विमान बदलून, रात्रभर प्रवास करून सकाळी नेवार्कला पोचली होती. तिला सर्दीही झालेली होती. कॅप्टनचे घर फ्लोरिडात, आणि त्याच सुमारास तोही कंपनीच्या विश्रांतिकक्षात झोपला होता. नेवार्क तळावरील त्या कंपनीच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच दूरवरून येणारे होते. राष्ट्रीय सुरक्षा मंडळाने अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया असे नोंदवले. वेग कमी झाल्याचा इशारा मिळताच नाक खाली करण्याऐवजी त्याने वर ओढले. थकवा मुख्य कारण म्हणून नोंदला गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु अहवाल वाचताना मला नवजात शिशुकक्षातली एक पहाट आठवली.

मी तेव्हा गुजरातमधील एका रुग्णालयात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर होते. दिवाळीचे दिवस. वरच्या दोन वर्षांच्या मंडळींनी आपापसात सुट्ट्या वाटून घेतल्या होत्या, कोणताही नियम न पाहता, केवळ ते वरचे म्हणून. मी सलग तिसरी रात्र जागी होते. हृदय निकामी होत चाललेल्या अडीच महिन्यांच्या एका बाळासाठी डिगॉक्सिन लिहिताना माझ्या हातून दशांशचिन्ह एक घर सरकले. दसपट मात्रा. परिचारिका औषध भरता भरता थांबली आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "बेन, आटलुं बधुं?" ते बाळ वाचले ते त्या तीन शब्दांमुळे. ती परिचारिका पुढे निवृत्त झाली. तिचे आभार मानायचे राहून गेले.

ती चूक माझी होती आणि आजही तिचे ओझे मीच वाहते. पण त्या रात्री यादीने मला जे दिले ते माझी आवड-निवड नव्हते, माझी झोप होती. येथे माझे मत बनले. ज्येष्ठतेने सोयी वाटाव्यात. कोणाला उत्तरायणाची सुट्टी, कोणाला रविवार, कोणाला दिवसाची ओ.पी.डी. त्यात कनिष्ठाला कमी मिळाले तर ते सहन करण्याजोगे आहे, कारण त्याचीही पाळी येणार आहे. परंतु झोप ही सोय नाही. तिची वाटणी ज्येष्ठतेने करता येत नाही, कारण तिची किंमत यादीत नाव नसलेला कोणी तिसराच मोजतो, कधी प्रवासी, कधी अडीच महिन्यांचे बाळ.

अमेरिकेने बफेलोनंतर हेच केले. जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रवासी वैमानिकाला कामावर येण्याआधी दहा तासांची विश्रांती, त्यात आठ तास अखंड झोपेची संधी, आठवड्यात सलग तीस तास मोकळे, आणि काम किती वाजता सुरू झाले त्यावरून कामाच्या तासांची कमाल मर्यादा ठरवून दिली. पहिल्या क्रमांकाला जी मर्यादा, तीच शेवटच्याला. आपण थकलो आहोत असे वाटल्यास उड्डाण न करणे हे वैमानिकाचे कर्तव्यच ठरले. मालवाहू विमानांना मात्र यातून वगळले, कारण पार्सले तक्रार करत नाहीत. दूरवरून येणाऱ्याचा प्रवास अजूनही ज्याचा त्यानेच सांभाळायचा आहे, ही उणीव राहिलीच. तरीही यादीच्या खाली एक जमीन तयार झाली, जिच्याखाली कोणी ढकलला जात नाही.

आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग बारा तासांची मर्यादा लिहिलेली आहे. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत "वाजवी" तास असे म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे विभागप्रमुख ठरवतो. मीही विभागप्रमुख आहे, म्हणून हे धाडसाने लिहिते. कित्येक वर्षे माझ्या विभागातला तक्ता मीच बनवत होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर जो गोड बोलतो, ज्याच्या आईवडिलांना मी ओळखते, जो आधी विचारतो, त्याला सुट्टी मिळे. गुणवत्ता पाहते असे मी स्वतःला सांगत असे.

भाच्याच्या फोननंतर मी यादी लावली. सहा कनिष्ठ डॉक्टर, रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे क्रमांक, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत लेखी पसंती. पहिल्याच महिन्यात भांडण झाले, कारण एकाच दिवशी रुजू झालेले दोघे निघाले. वयाने मोठी ती वर, असा निर्णय दिला, तो दुसऱ्याला अद्याप मान्य नाही. रात्रपाळी केलेल्याला सकाळी आठनंतर कक्षात थांबू द्यायचे नाही, हा दुसरा नियम मात्र फार जड गेला. त्यासाठी आणखी एक डॉक्टर हवा, असे व्यवस्थापनाला तीन वेळा लिहिले. "पुढील बैठकीत विचार करू" हे उत्तर तिन्ही वेळा आले. आपल्या मंडळातील ज्या सभासदांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी आपल्याकडे हे कसे जमवले किंवा का जमले नाही, ते मला जरूर सांगावे.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री यादीतील सर्वांत शेवटचा मुलगा ड्यूटीवर होता. तसा त्याचा क्रमांकच होता, त्याने तक्रार केली नाही. सकाळी आठला मी त्याला घरी पाठवले आणि त्याच्या जागी दुपारपर्यंत स्वतः उभी राहिले. पाय दुखले. घरी फराळाला उशीर झाला म्हणून यजमानांचे बोलणेही ऐकले.